एकाच माणसाचे चाळीस कान

हे वाचता वाचता एक हात कानामागे न्या. पाळीच्या मागे टणक उंचवटा लागेल. बाहेरून तो भरीव वाटतो, पण आत पावासारखी जाळी असते. त्या जाळीच्या पलीकडे अंगठ्याच्या पेराएवढ्या जागेत देवाने इतका पसारा कोंबला आहे, की आमच्या चाळीतल्या एका खोलीत राहणारी आम्ही आठ माणसं त्यापुढे ऐसपैस म्हणायची. वर मेंदू टेकलेला, मागे मेंदूतलं रक्त खाली नेणारी जाड शीर, आत ऐकण्याची आणि तोल सांभाळण्याची यंत्रणा, आणि या सगळ्यांच्या मधून वाट काढत जाणारी चेहऱ्याची नस. ही नस शेवईएवढी. तिला इजा झाली तर माणूस जिवाला मुकत नाही, पण त्या बाजूचा डोळा मिटत नाही, ओठ लोंबतो आणि हसू अर्ध्याच तोंडावर येतं.

आमच्या चाळीत अनुसयाआत्या होती. लहानपणी कुठल्या तरी दवाखान्यात तिच्या कानाचं ऑपरेशन झालं आणि तोंड वाकडं झालं ते कायमचं. ती चहा प्यायची तेव्हा ओठाच्या कोपऱ्याला पदर धरून बसायची. आम्ही पोरं तिची नक्कल करायचो. त्या वाकड्या तोंडामागे एवढीशी नस आहे, हे मला चाळिशीला आल्यावर कळलं. तेव्हा आत्या गेलेली होती, त्यामुळे माफी मागायचं राहूनच गेलं.

कान आतून सडला की डॉक्टरांना तो उंचवटा छोट्या ड्रिलने कोरून आत जावं लागतं. हे कोरणं शिकायचं कुठे? पूर्वी एकच उत्तर होतं, मेलेल्या माणसाच्या हाडावर. परळच्या एका मोठ्या इस्पितळात मी कान-नाक-घशाच्या विभागात अटेंडंट होतो. इस्पितळात आम्हा सगळ्यांनाच मामा म्हणतात, तसा मीही मामा. पहिली काही वर्षं ती हाडं आणणं, साफ करणं, बरण्यांत भरून ठेवणं हे माझं काम होतं. पुढची सगळी वर्षं मी ती हाडं बनवली.

मूळचा मी गिरणीचा. लालबागच्या एका गिरणीत फोल्डिंग खात्यात कापड तपासायचो. तिरक्या टेबलावरून कापड सरकत यायचं आणि आमची नजर या काठापासून त्या काठापर्यंत फिरायची. तुटका धागा, तेलाचा डाग, विरळ वीण, काही दिसलं की खडूची खूण करायची आणि तो ताका बाजूला काढायचा. पहिला वार आणि शंभरावा वार यांत फरक दिसता कामा नये, हा आमचा धर्म होता. माझ्या हातून सुटलेला डाग दुसऱ्याने दाखवला तर मला रात्री जेवण जायचं नाही.

मग संप झाला. तो कसा झाला, कोणाचं काय चुकलं, यावर लालबागमध्ये आजही चहाच्या टपरीवर दोन तट पडतात, मी त्यात पडत नाही. गिरणी उघडली नाही एवढं खरं. माझा मेहुणा गिरगावात कवळ्या बनवायचा. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप पाठवायचे, तो त्यावरून प्लास्टरचा साचा काढून दात बसवायचा. त्याने मला हाताखाली घेतलं. गिरणीत शेकडो वार कापडावर फिरणारी माझी नजर तिथे एकेका दातावर टेकली. प्लास्टर किती पातळ भिजवायचं, बुडबुडा कसा मोडायचा, मेण कसं वितळवायचं, हे तिथे शिकलो. आजही माझ्या घरात माझ्या हातची एक कवळी वापरात आहे, आणि ती वापरणारीने अजून एकदाही तक्रार केलेली नाही. बाकी सगळ्या तक्रारी करते.

तिथून ओळखीने इस्पितळात लागलो. हाडांची पहिली बरणी मी दोन्ही हातांनी छातीशी धरून कपाटापर्यंत नेली. बहुतेक हाडं बेवारशी माणसांची. त्या काळात गिरणगावातून कितीतरी माणसं घरात न सांगता निघून गेली होती. बरणीतल्या हाडाला चेहरा नसतो, तरी मला वाटायचं, यातलं एखादं गिरणीत आपल्याबरोबर एकाच पाळीला असलेल्या माणसाचं तर नसेल? गिरणीत आम्ही खंडेनवमीला यंत्रांना फुलं वाहायचो. इथे मी ड्रिलला झेंडू घातला आणि एक झेंडू हाडांच्या कपाटावर ठेवला. विभागाच्या प्रमुख आगाशे मॅडम दादरच्या, पक्क्या शिस्तीच्या. मला वाटलं, ओरडतील. त्यांनी कपाटावरचा झेंडू मधोमध सरकवला आणि म्हणाल्या, "दर वर्षी ठेवत जा."

पुढे हाडं मिळेनाशी झाली. नातेवाईक द्यायला तयार नसत, यात त्यांचं चूक म्हणवत नाही. कागदपत्रं वाढली, रोगाची भीती वाढली. शिकायला येणारी मुलं मात्र तेवढीच, आणि एकदा कोरलेलं हाड पुन्हा कोरता येत नाही. एका हाडाभोवती चार-चार डॉक्टर दाटीने बसायचे, एक कोरणार आणि तिघं माना उंचावून बघणार. असं शिकलेला माणूस उद्या खऱ्या पेशंटच्या कानात ड्रिल घालणार, या विचाराने मला अनुसयाआत्या आठवायची. एक दिवस मी मॅडमना म्हणालो, "कवळी बनवता येते, तर हाड का नाही?"

"करून दाखवा," मॅडम म्हणाल्या. त्या कोणालाच याहून जास्त उत्तेजन देत नसत.

पहिलं हाड मी कवळीच्याच मसाल्याचं केलं. ते हिरड्यांसारखं गुलाबी झालं. मॅडमनी ते टेबलावर ठेवून विचारलं, "हे कोरायचं आहे की वाटून खायचं आहे?" मग पांढरा मसाला शोधला. पण आतली जाळी कशी आणायची? बायकोच्या उपासाचे साबुदाणे उचलले आणि मसाल्यात कालवले. हाड घट्ट झाल्यावर पाण्यात ठेवलं, म्हणजे साबुदाणे विरघळून निघतील आणि जाळी उरेल, असा माझा हिशेब. साबुदाणा पाण्यात विरघळत नाही, फुगतो, हे घरातल्या कोणालाही विचारलं असतं तर सांगितलं असतं. सकाळी येऊन बघतो तर हाड तडकलेलं आणि विभागभर बातमी पसरलेली. मग जाडं मीठ वापरलं. ते दोन दिवसांत विरघळून गेलं आणि मागे सुंदर जाळी राहिली. ड्रिल लावून मॅडम बराच वेळ कोरत राहिल्या. चहा गार झाला तरी उठल्या नाहीत.

नसेच्या जागी मी तार घातली. तारेचं एक टोक बॅटरीला, बॅटरी घंटीला, आणि घंटीची दुसरी वायर ड्रिलला. ड्रिल तारेला टेकलं की घंटी वाजणार, म्हणजे पेशंटचं तोंड वाकडं झालं असं समजायचं. घंटी विजेच्या सामानाच्या बाजारातून, लोहार चाळीतून आणली, दाराला लावतात तीच. हाड कोरताना पाणी सोडत राहावं लागतं, त्यामुळे पहिल्या दिवशी घंटी सुरू झाली ती थांबेचना, आणि शेजारच्या वॉर्डातल्या सिस्टर कोण आलंय बघायला आल्या. मग मोटर वाइंडिंगवाल्याकडून वार्निश लावलेली तार आणली. पाणी लागलं तरी ती गप्प राहायची, ड्रिलने वार्निश खरवडलं तरच बोंबलायची. मुलांना तिची इतकी धास्ती बसली, की एक जण सांगत होता, घरी दाराची बेल वाजली तरी हात आखडतो.

साचा जमल्यावर मी एकामागून एक हाडं काढायला लागलो. चाळीस झाली. सगळी कपाटात ओळीने मांडली. कुठलंही उचला आणि कुठल्याही शेजारी धरा, केसाचाही फरक नाही. गिरणी सुटल्यापासून असं समाधान मला मिळालं नव्हतं.

त्या मुलांत डॉक्टर अनघा तांडेल होती. कोळीवाड्यातली, आई बाजारात मासळी विकायची. हात असा सुरेख, की बघत राहावं. मी विचारलं तर म्हणाली, "मामा, दहा वर्षांची होते तेव्हापासून सुरीवर हात आहे माझा. मांदेली साफ करून बघा, मग समजेल." पहिल्या तीन-चार हाडांवर तिची घंटी वाजली. नंतर वाजलीच नाही. मुलं पैज लावायची, पण अनघा कोरायला बसली की घंटी मुकी. मला तिचा फार अभिमान वाटायचा, आणि त्याहून जास्त माझ्या हाडांचा.

मॅडमनी तिला पहिल्यांदा खऱ्या पेशंटवर हात चालवायला दिला, त्या दिवशी मी बाहेर सामान मांडत होतो. आत गेली तेव्हा ती हसत होती. बाहेर आली तेव्हा ओठ पांढरे पडले होते. झालं असं, की ती सफाईने कोरत गेली, अगदी माझ्या हाडावर कोरते तशी. नस अजून लांब आहे या भरवशावर तिने ड्रिल पुढे नेलं आणि मॅडमनी तिचं मनगट धरलं. नस तिथेच होती, अर्ध्या तांदळाच्या अंतरावर. या माणसाची नस जरा बाहेरच्या अंगाने गेलेली होती. पुढचं ऑपरेशन मॅडमनी केलं. पेशंटला काही झालं नाही. शुद्धीवर आल्यावर त्याने दोन्ही डोळे नीट मिटले.

दुपारी मॅडम अनघाला घेऊन माझ्या खोलीत आल्या. कपाटातली तीन हाडं उचलली, करवतीने मधोमध कापायला लावली आणि शेजारी शेजारी ठेवली. तिन्हींत तार त्याच जागी, त्याच वळणाने गेलेली.

"मामा, तुम्ही किती माणसांचे कान केलेत?"

"चाळीस," मी म्हणालो.

"एकाच माणसाचा चाळीस वेळा केलात. या मुलीला कान कोरता येत नाही. तिला तुमचा साचा पाठ झाला आहे."

त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागलं. अनघाने कापलेली तिन्ही हाडं उचलून पुन्हा पाहिली. जाताना एवढंच म्हणाली, "मामा, त्या काकांचं तोंड वाकडं झालं असतं ना माझ्यामुळे." दुसऱ्या दिवशी कळलं की तिने विभाग सोडण्याचा अर्ज लिहिला आहे. सर्जरीच नको, साधी प्रॅक्टिस करीन म्हणाली.

चूक तिची होती की माझी? मी ठरवून टाकलं की माझी. आयुष्यभर ज्या गोष्टीचा अभिमान धरला तीच इथे घातक ठरली होती. कापड सगळं सारखं असावं लागतं. माणसं सारखी नसतात, हे इस्पितळात इतकी वर्षं काढूनही माझ्या टाळक्यात शिरलं नव्हतं. मी मॅडमना म्हणालो, "तिचा अर्ज दोन महिने पुढे पाठवू नका." त्यांनी तो टेबलाच्या खणात टाकला.

त्यानंतर मी मुद्दाम खोट असलेली हाडं बनवायला बसलो. मॅडमनी जुन्या पेशंटच्या स्कॅनच्या फिल्म काढून दिल्या, कोणाची नस कुठे, कोणाची शीर किती पुढे आलेली. त्याबरहुकूम दर हाडात काहीतरी वेगळं करायचं. सांगायला सोपं आहे, पण माझा हात ऐकेना. तार वाकडी बसवली की बोटं आपोआप ती सरळ करायला जायची. पहिल्या हाडाला पाच दिवस लागले, पुढे मी एकाच वेळी चार-पाच साचे लावायला लागलो. मग फोल्डिंग खात्यातले सगळे डाग आणि विरळ विणी आठवून मी स्वतःलाच म्हटलं, इतकी वर्षं ज्या खोटी पकडल्यास त्या आता तुझ्या हाताने पेर. हाडांवर फक्त नंबर घातले. कुठल्या नंबरात काय आहे ते माझ्या वहीत, आणि वही माझ्या कुलपात.

सतरा नंबरचं मात्र आज कबूल करतो. त्यात मुद्दाम काही केलेलं नव्हतं. मसाला ओतताना माझा हात हलला, तार साच्यात घसरली आणि भलतीकडेच, पार बाहेर येऊन बसली. मी ते फेकायला काढलं होतं. मॅडमनी त्याचा एक्स-रे काढून पाहिला आणि म्हणाल्या, "असाही कान असतो, पण क्वचित. ठेवा." मी त्यांना खरं सांगितलं नाही. फोल्डिंगचा माणूस स्वतःचा डाग कबूल करत नाही.

अनघाला मी निरोप पाठवला, जायचं तर जा, पण आधी माझी नवी हाडं बघून जा. ती आली. पहिल्याच हाडावर घंटी वाजली. दुसऱ्यावर वाजली. सतरावर तीनदा वाजली, तेव्हा तिने ड्रिल ठेवलं आणि डोळे पुसले. मला वाटलं, गेली आता. पण तिने चष्मा साफ केला आणि म्हणाली, "अजून एक द्या."

महिनाभर ती रोज आली. हळूहळू तिचा हात मंदावला. आधी सरसर कोरायची, आता थांबून बघायची, पाण्याने धुवायची, पुन्हा बघायची. घंटी वाजायची कमी झाली, पण आधीसारखी तिने पैज मात्र कधी लावू दिली नाही. महिना संपला त्या दिवशी ती एक पिशवी घेऊन आली. "आईने दिलंय. सुक्या मासळीला वापरते ते मीठ. तुमच्या मिठापेक्षा खडा मोठा आहे, जाळी भारी पडेल." जाळी खरंच भारी पडली. आठवडाभर माझ्या खोलीला बोंबलांचा वास येत होता, आणि मॅडमनी तो अर्ज फाडून त्याच्या कपट्यांनी आपल्या खिडकीची फट बुजवली.

एवढ्यावर मी थांबलो असतो. पण या सगळ्याचा एक वाईट परिणाम माझ्या घरात झाला होता, तो सांगायला हवा.

माझ्या बायकोचा, सुनंदाचा, उजवा कान लहानपणापासून वाहायचा. कापूस घालून ती दिवस काढायची. आणि मी काय करत होतो? रोज घरी जाऊन घंटीच्या गोष्टी सांगत होतो. आज कोणाची घंटी वाजली, कोणाचं तोंड वाकडं झालं. तिने ते सगळं ऐकून मनात साठवलं होतं. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणायची, "माका नको. अनुसयाआत्येवरी पदर लावन चाय पिवची नाय माका." दोनशे डॉक्टरांची भीती घालवणाऱ्या माणसाला घरातली एक भीती घालवता आली नाही. मी निवृत्त झालो, तिचे दात गेले, तिला कवळी करून दिली, तरी कान वाहतच होता. मग एके दिवशी तिला चक्कर येऊ लागली. आता सड आत उतरली होती. थांबलो असतो तर मेंदूपर्यंत गेली असती.

तोपर्यंत मॅडम निवृत्त होऊन अनघाच विभागाची प्रमुख झाली होती. स्कॅन बघून तिने मला जुन्या खोलीत बोलावलं. माझी खोली ओळखू येईना. टेबलावर एक यंत्र होतं. स्कॅन त्यात घातला की ते पावडरचे थरावर थर देऊन हुबेहूब त्याच माणसाचं हाड तयार करतं. मला चार दिवस लागायचे, ते एका रात्रीत अर्धा डझन काढतं. अनघाने माझ्या तळहातावर एक पांढरं हाड ठेवलं.

"मावशींचा उजवा कान, मामा."

लग्नाला चाळीस वर्षं झाली होती. त्या कानात मी काय काय बोललो होतो, रागाने किती ओरडलो होतो, संपात गिरणी उघडणार उघडणार म्हणून किती खोटं सांगितलं होतं. तो कान माझ्या तळहातावर होता आणि त्याला वजनच नव्हतं. मी स्टूल ओढून बसलो आणि तो दिव्याखाली धरला.

बसल्या बसल्या सवयीने तपासला. जाळीत पावडर अडकलेली होती. मी म्हणालो, "यंत्राला धुता येत नाही वाटतं." पिचकारी मागून घेतली आणि सगळी पोकळी धुऊन दिली. अनघा हसली. मग तिने बोट ठेवून दाखवलं. नस हाडाच्या आवरणातून निघून पार बाहेर आलेली होती.

"हा कान मी कोरलाय, मामा. तुमचा सतरा नंबर. तीनदा घंटी वाजली होती, विसरेन का? तुम्ही तो केला नसतात, तर असा कान असू शकतो हे मला कधी समजलंच नसतं."

तेव्हा मी तिला खरं सांगून टाकलं, की तो मी केला नव्हता, माझा हात हलला होता. तिने हाड पकडीत बसवलं. "मग बरं झालं हलला," म्हणाली, आणि ड्रिल उचललं. प्रत्येक हाडात नसेच्या वाटेने मी तार बसवून दिली, आणि त्या दिवशी व दुसऱ्या दिवशी तिने सुनंदाचा कान सहा वेळा कोरला. सहाव्या हाडाच्या वेळी तिने सुनंदालाच शेजारी बसवलं. "बघा मावशी, हा तुमचा कान, ही नस, आणि इथून मी जाणार." सुनंदा शेवटपर्यंत बघत होती. घंटी वाजली नाही. घरी येताना म्हणाली, "मगे करुया."

ऑपरेशनच्या दिवशी सिस्टरने तिच्या बांगड्या, मंगळसूत्र, सगळं काढून रुमालात बांधून माझ्याकडे दिलं. मी तो रुमाल खिशात घालून बाकावर बसलो. हजारो वेळा घंटी ऐकलेला माणूस मी, पण खऱ्या ऑपरेशनला घंटी नसते, हे त्या दिवशी पहिल्यांदा नीट समजलं. आत काय झालं ते पेशंट जागा होऊन तोंड हलवेपर्यंत कळत नाही. चार तास मी देवाचं नाव घेतलं नाही. सतरा, सतरा म्हणत बसलो.

मला आत बोलावलं तेव्हा सुनंदा डोक्याला पट्टी बांधून पडली होती, अर्धवट गुंगीत. अनघा तिच्यावर वाकली होती. माझ्याकडे तिने बघितलंही नाही.

"मावशी, डोळे गच्च मिटा."

दोन्ही डोळे मिटले. मी बाजूच्या खाटेची दांडी धरली.

"शाब्बास. आता कपाळाला आठ्या घाला."

त्या तिला जन्मापासून येतात. त्याही दोन्हीकडे पडल्या.

"आता शेवटचं. दात दाखवा बघू."

सुनंदाने तोंड उघडलं नाही. अनघाने पुन्हा सांगितलं. तरी ओठ घट्ट मिटलेले. मग तिने डोळे उघडले, मला शोधून काढलं, आणि जड जिभेने म्हणाली, "दात खंयसून दाखवू? ते तुमच्या मामांच्या खिशात आसत."

आणि हसली. बोळकं तोंड आ वासून हसली. मी पुढे झालो आणि फोल्डिंगच्या टेबलावर ताका बघायचो तशी नजर ओठांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली, मग परत फिरवली. कुठेही खोट नव्हती. मग रुमालाची गाठ सोडली आणि तिचे दात तिच्या हातात दिले.